शनिवारी पाटोवर बसूया: डक्ट-पाइप जोडणीचा घोळ

मंडळी, आपल्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या नवीन अपडेटनंतर डक्ट (हवेचा मार्ग) दुसऱ्या डक्टला लावला की एल्बो (वळणाचा जोड) आपोआप बसत नाही, टीच्या (तीन तोंडांच्या जोडाच्या) जागी टॅप (मुख्य डक्टच्या बाजूला थेट चिकटवलेला फाटा) येतो, आणि पाइप नुसता शेजारी टेकून जोडल्यासारखा दिसतो (हे सगळ्यात वाईट, साइटवर गेल्यावरच कळतं), म्हणून शनिवारी संध्याकाळी 5 ला पणजीत पाटोवर, नेहमीच्या ऑफिसात बसायचंय.

तोवर चालू प्रोजेक्टची फाइल नव्या व्हर्जनमध्ये कोणीही सेव्ह करू नका. एकदा केली की जुन्यात उघडत नाही, मग रडू नका.

- लॅपटॉप, चार्जर आणा
- अडलेल्या फाइलची कॉपी आणा, मूळ नको
- फिटिंगची (एल्बो, टी अशा जोडांची) सेटिंग कोणी बदलली असेल तर आधी स्क्रीनशॉट टाका

मडगाववाल्यांनी एका गाडीतून, म्हापशावाल्यांनी एका गाडीतून या, पार्किंग मिळत नाही. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव टाका.