दूध न पचणे हा नखरा नव्हे

महोदय,

माझी नऊ वर्षांची नात रोज सकाळी पेलाभर दूध पिऊन शाळेत जायची आणि दुसऱ्या तासाला पोट धरून बसायची. शाळेत तो अभ्यास टाळण्याचा बहाणा ठरला. घरी मीच तिला ‘नखरे नकोत’ म्हणून दटावत होते, याचे आज फार वाईट वाटते. डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन आठवडे दूध बंद केले आणि दुखणे थांबले.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे लॅक्टेज हे विकर बाळपणानंतर बहुतेक माणसांत कमी होत जाते. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांचे असेच आहे. हजारो वर्षे गुरे पाळणाऱ्या काही समाजांत एक जनुकीय बदल टिकला, पसरला आणि त्यांना मोठेपणीही दूध पचू लागले. उत्तर युरोपात आणि आपल्या वायव्य भारतात तो बराच आढळतो, दक्षिणेकडे कमी. म्हणजे एकाच वर्गातल्या दोन मुलांचे पोट वेगळे असू शकते.

आपल्या पूर्वजांनी विरजण लावले, ताक घुसळले, लोणी कढवून तूप केले. विरजणातले जिवाणू काही साखर आधीच आंबवतात, तुपात तर ती जवळपास उरतच नाही. नात आता ताकभात मिटक्या मारत खाते. शाळांनी दूध देताना सक्ती करू नये आणि मूल पोट दुखते म्हणाले, तर आधी त्याचे ऐकून घ्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक आजी, सातारा