उद्यमनगरच्या अण्णांना, जिप्सीच्या पत्र्यात बसवून दिलेल्या आट्यांबद्दल

आदरणीय अण्णा,

सादर नमस्कार.

माझ्या जुन्या मारुती जिप्सीचे मागचे दोन्ही मडफ्लॅप, म्हणजे चाकामागे चिखल अडवणारे रबरी पडदे, अख्खा पावसाळा जागचे हलले नाहीत. भुईबावडा घाट झाला, गगनबावड्याची संततधार झाली, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी डांबरावर आणून टाकलेला काळा चिखल झाला. परवा गाडी धुताना एकेका बोल्टला पाना लावून पाहिला, एकही सैल नाही. तेव्हाच ठरवलं, तुमचे आभार चारचौघांत मानायचे आणि तुम्ही नेमकं काय केलंत तेही लिहायचं. जुनी जिप्सी, जुनी महिंद्रा कमांडर बाळगणारे आपल्याकडे खूप आहेत आणि सगळ्यांचं दुखणं एकच आहे.

दुखणं पत्र्याचं. जिप्सी भारतात आली १९८५ साली, तेराशे सीसीची जिप्सी किंग १९९६ साली, आणि २०१९ पासून तुम्हा-आम्हाला नवी मिळणं बंद झालं. म्हणजे आता जो पत्रा आहे तोच जपायचा. मडफ्लॅप ज्या जागी बसतो ती चाकामागची खालची कड सगळ्यात आधी गंजते, कारण चिखल तिथेच साचतो आणि तिथेच वाळतो. माझ्या गाडीला आधी एका गॅरेजमध्ये पत्र्याचे स्क्रू मारून फ्लॅप लावले होते. जेमतेम एक मिलिमीटरचा पत्रा, त्यात स्क्रूची धार दीड-दोन आट्यांपुरतीच धरते. वाऱ्याने फ्लॅप फडफडला की भोक मोठं होतं, भोकात पाणी शिरतं आणि गंज आतून पसरत जातो. आरपार नटबोल्ट लावावा तर मागचा भाग बंद पेटीसारखा, नट धरायला पानाच काय, बोटही जात नाही. नट वेल्डिंग करून घ्या असं दोघातिघांनी सुचवलं होतं. तुम्ही पत्र्यावर टिचकी मारलीत, आवाज ऐकलात आणि म्हणालात, "ह्याला आग लावायची न्हाई. पत्रा जळंल, आतला रंग जळंल, आन् पेट्रोलची लाइन हितनंच जातीया."

मग तुम्ही खिशातून तो रिवेट नट काढून माझ्या तळहातावर ठेवलात. करंगळीच्या पेराएवढी नळी, एका टोकाला चपटी कॉलर, आत एम ६ चे, म्हणजे सहा मिलिमीटरच्या बोल्टचे आटे आणि बाहेरून उभ्या रेघा. पत्र्यात भोक पाडून ती बाहेरूनच आत सरकवायची आणि रिवेट नट ओढायच्या हातातल्या टूलने ओढायची. ओढली की नळीचा आटे नसलेला भाग पत्र्यामागे फुगून दबतो, आणि पत्रा कॉलर व त्या फुगवट्यामध्ये चिमटला जातो. मागे हात घालायची गरजच नाही. तुम्हाला आवडेल म्हणून एक सांगतो. हा नट अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच या टायरच्या कंपनीने १९३० च्या दशकात काढला. विमानाच्या पंखांवर बर्फ साचू नये म्हणून पंखाच्या पुढच्या कडेला रबराचं आवरण बसवायचं होतं आणि पंखाच्या आत नट धरायला जागा नव्हती. रबर पत्र्याला धरायचं आणि तेही एकाच बाजूने! अण्णा, आपलं काम अगदी तेच होतं.

तुम्ही ते स्वतः करून मोकळे झाला असतात तरी मी ऋणी राहिलो असतो. पण तुम्ही ड्रिल माझ्या हातात दिलंत. आधी भंगारातला त्याच जाडीचा तुकडा शिकंज्यात धरून त्यावर सराव करायला लावलात, टूलची ओढ किती ठेवायची ते कळेपर्यंत. ओढ कमी पडली तर नट पुढे बोल्टबरोबर गरागरा फिरतो, जास्त झाली तर आटेच जातात. गाडीवर आलो तेव्हा सेंटर पंच, तीनचं ड्रिल, मग पायऱ्यांच्या ड्रिलने नऊपर्यंत. एम ६ ला नऊ मिलिमीटर. साडेनऊ झालं की बाहेरच्या रेघा पत्र्यात रुतत नाहीत, हे तुम्ही इतक्यांदा बजावलंत की आता ते कधीच विसरणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही भोकांच्या कडांवर घालवलात. कानशीने बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धार काढली, कडेला दोन्ही बाजूंनी बोट फिरवून पाहिलंत, मग बारीक कुंचल्याने प्रायमर लावलात आणि तो वाळेपर्यंत मला काहीही करू दिलं नाहीत. इतर ठिकाणी हीच पायरी वगळतात. नंगा पत्रा नटाखाली दाबला की दोन पावसाळ्यांत नटाभोवती गंजाचं कडं उमटतं. अॅल्युमिनियमचे नट स्वस्त होते, हलके होते, पण लोखंडाला चिकटून ओलीत राहिले की दोन वेगळ्या धातूंमध्ये गंज धरतो, आणि कोकणात उतरलं की खारी हवा त्यात भर घालते. म्हणून तुम्ही जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी नट निवडलेत. नट बसल्यावर पाणी निघायच्या भोकातून आत मेणाचा फवाराही मारायला लावलात.

फ्लॅपसाठी कन्व्हेयर बेल्टचं जुनं रबर आणि त्यावर २५ बाय ३ मिलिमीटरची रंगवलेली पट्टी, म्हणजे ओढ एकेका बोल्टवर न येता सगळीकडे वाटली जाते. ही पट्टी किती मोलाची आहे ते आंबा घाटाच्या अलीकडे एका कच्च्या वाटेवर कळलं. गाडी मागे घेताना डावा फ्लॅप टायर आणि दगडाच्या मध्ये सापडला. रबराचा कोपरा पट्टीच्या कडेला फाटला. नट, पत्रा, रंग, सगळं जसंच्या तसं. "रबर फाटू दे, पत्रा न्हाई फाटला पायजे," असं तुम्ही म्हणाला होतात ते याचसाठी. नवा तुकडा कापून तेच बोल्ट परत लावले. पूर्वी असं झालं असतं तर पत्र्याची कड उचकटली असती. आता फ्लॅपच्या खालच्या टोकाला तुम्ही सुचवलेली साखळी लावली आहे, वाट खडकाळ झाली की फ्लॅप वर अडकवून ठेवतो.

ज्यांच्याकडे टूल नाही त्यांच्यासाठी तुमची युक्तीही लिहितो, रागावू नका. एम ६ च्या लांब बोल्टवर आधी नट चढवायचा, खाली तेल लावलेला वायसर घालायचा आणि बोल्ट रिवेट नटात फिरवून बसवायचा. मग बोल्टचं डोकं एका पान्याने घट्ट धरायचं आणि दुसऱ्या पान्याने नट खाली आवळत न्यायचा. बोल्ट फिरता कामा नये. वेळ लागतो, पण चार-सहा नटांसाठी टूल विकत घ्यायला नको.

गाडीमागून येणाऱ्या दुचाकीवाल्यांच्या वतीनेही आभार मानतो. पावसात त्यांच्या तोंडावर माझ्या चाकांचा चिखल उडायचा, ते आरशात बघून फार वाईट वाटायचं. ते आता थांबलं आहे.

तुम्ही पैसे घेतले नाहीत आणि पुन्हा विषय काढला तर चिडता. म्हणून तुमच्या टूलचा एम ६ चा मँड्रेल, म्हणजे नटात फिरवून बसवायचा आट्यांचा दांडा, झिजला होता तो नवा आणून ठेवला आहे, सोबत पोलादी नटांचं एक पाकीटही. येत्या सोमवारी, उद्यमनगरच्या सुट्टीच्या दिवशी, घरी घेऊन येतो. पुढच्या चाकांचे फ्लॅप राहिले आहेत, त्यांची मापंही आणतो.

आपला कृतज्ञ,
जिप्सीवाला