फोटोतली मुलगी आणि तुझी लेक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. लेकीचा मेंदूज्वर बरा झाला, चालणे-बोलणे पूर्ववत झाले, तरी गेल्या चार-पाच वर्षांतले तिला काहीच आठवत नाही, आणि भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोकडे पाहून "ही कशी होती?" असे ती परक्या मुलीविषयी विचारावे तसे विचारते, हे वाचून पत्र थोडा वेळ बाजूला ठेवावे लागले. सोळाव्या वर्षी डोक्याला मार लागल्यानंतर मीही आईला असेच काहीबाही विचारत असे, हे तुला ठाऊक आहे. पण तो काळ कसा गेला ते मी तुला कधी नीट सांगितले नाही, आणि संकोचामुळे तूही विचारले नाहीस. आता "तिला तिचे पूर्वीचे रूप परत कसे मिळवून द्यायचे?" असे विचारतोस. माझे स्पष्ट मत असे आहे की हा प्रश्न तूर्त सोडून द्यावा. जी मुलगी आज समोर आहे, तिची ओळख करून घ्यायला तिलाही वेळ हवा आणि तुम्हालाही.

मार लागल्यावरही माझ्या हिशेबाने मी अकराच वर्षांची होते. आरशातली मुलगी मला थोराड वाटे. जुने शाबूत आणि अलीकडचे पुसलेले, हे ऐकणाऱ्याला उलटेच वाटते. पण तेओदूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच नोंदवून ठेवले आहे की अशा विस्मरणात बहुधा अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या टिकून राहतात. त्यामुळे तुझी लेक तुला 'बाबा' म्हणून ओळखते पण गेल्या वर्षीची जिवलग मैत्रीण तिला अनोळखी वाटते, यात तिच्या मायेचा काही संबंध नाही. त्या मैत्रिणीच्या आईला हे तू स्वतः जाऊन समजावून सांग, कारण त्या घरातही एक मुलगी दुखावलेली असणार.

नवे शिकवलेले तिच्या लक्षात राहते, असे तू ओझरते लिहिले आहेस. ही किती मोठी जमेची बाजू आहे, हे तुझ्या ध्यानात आलेले दिसत नाही. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या मेंदूवर १९५३ मध्ये, तो सत्तावीस वर्षांचा असताना, अपस्मार थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या मेंदूतल्या भागाचा, बराच अंश काढण्यात आला. त्यानंतर रोज भेटणारी माणसेही त्याला पुढची पन्नासहून अधिक वर्षे नवीच राहिली. त्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला लावली, तेव्हा दिवसागणिक त्याचा हात सफाईने चालू लागला, पण आपण हे पूर्वी कधी केले आहे हे त्याला अजिबात सांगता येत नव्हते. हाताची स्मृती वेगळी आणि प्रसंगांची वेगळी, हे त्यातून लख्खपणे कळले.

मला ते माझ्या फोनमुळे कळले. घरी आल्यावर माझा फोन हातात दिला, तर तो उघडायची खूण मला सांगता येईना. आई वैतागून म्हणाली, "विचार करू नकोस, नुसते बोट फिरव." बोट फिरले आणि फोन उघडला. आत माझ्याच नावाने लिहिलेले ढीगभर संदेश होते, आणि त्यातला एकही विनोद मला कळेना. एका मुलीशी तर माझे कडाक्याचे भांडण अर्धवट राहिले होते. ती भेटायला आली ती रडतच, आणि मी तिला म्हणाले, "बसा ना." वर्गातल्या मैत्रिणीला मी अहो-जाहो केले! ती हसावे की आणखी रडावे अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहत राहिली. आजही आमची मैत्री आहे, पण ती त्यानंतर नव्याने झालेली. जुन्या भांडणात कोण बरोबर होते हे तिने मला कधीच सांगितले नाही.

आता तुझ्या मनातल्या खऱ्या भीतीकडे येते. आठवणी गेल्या म्हणजे माणूस गेले का? मला वाटते, नाही, आणि हे केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. १९९६ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरा वर्षांच्या एका महाविद्यालयीन मुलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोक्याला मार लागून तिच्या आधीच्या सुमारे सहा-सात महिन्यांच्या आठवणी गेल्या होत्या, म्हणजे महाविद्यालयातले दिवसच गेले होते. त्या अवस्थेत तिला स्वतःच्या स्वभावाविषयी विचारले, आणि स्मृती परतल्यावर पुन्हा तेच विचारले. दोन्ही वेळची उत्तरे जुळली. एवढेच नव्हे, तर पहिल्या वेळची उत्तरेही शाळेतल्या तिच्यापेक्षा महाविद्यालयातल्या तिच्याशी जास्त मिळतीजुळती होती. प्रसंग आठवत नसले, तरी त्या प्रसंगांनी घडवलेला स्वभाव तिच्यापाशी होता. म्हणून लेक हट्टी आहे की भिडस्त, हे तिला सांगत बसू नकोस. ते तिच्या वागण्यातून दिसेलच.

सांगण्यावरूनच एक कळकळीची सूचना. नातेवाईक येतील आणि "तुला आठवते का, तू लहानपणी..." असे सुरू करतील. समोरच्याचा उतरलेला चेहरा पाहवत नाही म्हणून मी कितीदा तरी "हो, आठवते" म्हणत असे, आणि काही दिवसांनी ते मला खरोखरच आठवू लागे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये हेच प्रयोगाने दाखवले. चोवीस जणांना त्यांच्या बालपणीचे म्हणून काही प्रसंग सांगितले, त्यातला दुकानांच्या गर्दीत हरवल्याचा प्रसंग बनावट होता, आणि सुमारे पाव लोकांनी तो पूर्ण किंवा अंशतः स्वतःचाच मानला. ही सगळी धडधाकट माणसे होती; मग आमच्यासारख्यांचे काय बोलावे! मी पुढे एक वही केली. जे मला स्वतःला आठवे ते निळ्या शाईने लिहायचे, इतरांकडून ऐकलेले काळ्या शाईने, सांगणाऱ्याच्या नावासकट. बरीच पाने काळीच राहिली. पण निळ्यातली ओळ कुणी खोडू शकत नव्हते, आणि त्या वयात एवढी मालकी मला पुरेशी होती. लेकीला वही आणून दे, वाचायला मात्र मागू नकोस.

अपघातापूर्वीची माझी रोजनिशीही घरात सापडली होती. अक्षर माझे, 'र' काढण्याची लकबसुद्धा माझी, आणि मजकूर कुण्या आगाऊ मुलीचा! तिला गणित अजिबात आवडत नसे. मला आवडू लागले होते. तेव्हा घरात सर्वांनी हा मेंदूला लागलेल्या माराचा परिणाम ठरवून टाकला. चौदा-पंधराव्या वर्षी कोणतेही मूल जुने कपडे टाकावेत तशा आवडीनिवडी टाकतच असते, ही साधी गोष्ट कुणाला सुचली नाही. तुझी लेक चिडली, दार लावून बसली, तर दर वेळी आजाराकडे बोट दाखवू नकोस. मात्र चिडचिड अचानक फार वाढली, डोके दुखू लागले किंवा शुद्ध हरपल्यासारखे झाले, तर थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

"पुढे काय व्हायचे आहे?" हा प्रश्न काही दिवस तिला कुणी विचारू नये. कॅनडातले केंट कॉक्रन १९८१ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात जखमी झाले. त्यांना जगाविषयीचे ज्ञान होते, पण आयुष्यातला एकही प्रसंग डोळ्यांसमोर आणता येत नव्हता. स्मृतीचे अभ्यासक एंडेल टुल्व्हिंग यांनी त्यांना उद्या काय कराल असे विचारले, तर तिथेही त्यांना नुसती पोकळी जाणवे. उद्याचे चित्र मन कालच्या तुकड्यांतूनच जुळवते. लेकीची अवस्था त्यांच्याइतकी गंभीर नाही, पण तुकडे तिच्याकडेही कमी आहेत. संध्याकाळी काय करू या, इतपतच विचार.

राहिला शाळेचा प्रश्न. जुन्या मैत्रिणींसोबत त्याच वर्गात बसवावे की खालच्या वर्गात, हे तू आणि मुख्याध्यापकांनी परस्पर ठरवू नये. मला खालच्या वर्गात बसवले, त्याचा अपमान वाटला खरा, पण तिथे मी पूर्वी कशी होते हे कुणालाच माहीत नव्हते, आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. तुझ्या लेकीला कदाचित उलट वाटेल. दोन्ही वर्गांत काही दिवस बसून पाहू दे आणि सुरुवातीला अर्धा दिवसच पाठव, कारण अशा आजारानंतर येणारा थकवा बाहेरून दिसत नाही आणि लोक त्याला आळस म्हणतात.

तिला मला पत्र लिहावेसे वाटले तर माझा पत्ता दे. तिने काय लिहिले हे मी तुला सांगणार नाही, हे आधीच कळवून ठेवते. वहिनींना सप्रेम नमस्कार सांग, आणि त्यांच्याही झोपेकडे लक्ष दे.

तुझी मैत्रीण