आई-बाबांना, विम्याबद्दल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा फोन आईच्या हाती देतात, म्हणून लिहिते आहे. आईच्या नावाने मी आरोग्य विमा घेतला असून वर्षाचा हप्ताही भरला आहे. बाबा, न विचारता केले म्हणून रागावू नका. पासष्टी उलटलेल्यांना नवी पॉलिसी देण्याचे बंधन पूर्वी कंपन्यांवर नव्हते. एप्रिल २०२४ पासून वयाची ती अट गेली, सप्टेंबर २०२५ पासून हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला, मग थांबायचे कशासाठी? खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी मुद्दाम निवडली, कारण मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की बाकीच्या बिलातही त्या प्रमाणात कपात होते. वेळ आलीच, तर आईला स्वतंत्र खोली मिळेल आणि तुम्हाला तिच्याजवळ राहता येईल.

आई, तुझा मधुमेह मी अर्जात स्पष्ट लिहिला आहे. आधीपासूनच्या आजारांसाठी फार तर तीन वर्षे थांबावे लागेल, पण लपवले असते तर ऐन वेळी दावा नाकारला गेला असता. तोवरचा खर्च आणि रोजची औषधे माझ्याकडे. गोळ्या अर्ध्या करून पुरवायच्या नाहीत.

बाबा, तुमची सत्तरी झाली आहे, त्यामुळे तुम्हाला सरकारी आरोग्य योजनेचे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यात उत्पन्नाची अट नाही, योजनेतील रुग्णालयांत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात आणि जुन्या आजारासाठी थांबावेही लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली अँजिओग्राफी तुम्ही ठेवींना हात लागू नये म्हणून पुढे ढकलता, हे मला कळते. हल्ली जिना चढताना मध्येच थांबून तुम्ही शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी वाचल्यासारखे करता, तेही मी पाहिले आहे. माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा याच जिन्याने तुम्ही मला रोज पाठुंगळी घेऊन चढायचात, आणि डॉक्टरांची फी किती झाली हे मला कधी कळूही दिले नाहीत. नानाकाकांच्या वेळीही पैसे उभे राहिलेच होते. उशीर झाला तो तपासणीला. हा विमा आणि हे कार्ड एवढ्यासाठीच, की छातीत दुखले तर तुम्ही हिशेब न करता आधी सांगावे.

शनिवारी मी गिरगावला येते. आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल हाताशी ठेवा, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, आणि कार्ड निघाले की त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेऊ. रुग्णालय योजनेत आहे की नाही, ते मी आधी विचारून ठेवते. तोपर्यंत बाबांनी भाजीच्या पिशव्या वर आणू नयेत.

तुमची,
मनू