बोअर वाढवणाऱ्यालाही कायद्याचा रस्ता हवा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेली एकतीस वर्षं मी बोअरिंग मशिनवर उभा आहे. इंजिनाच्या सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोअर, तो कोरून मापात आणायचं हे काम. पूर्वी शेतीपंपाची ऑइल इंजिनं आणि ट्रॅक्टरचे ब्लॉक यायचे. आता निम्म्याहून जास्त काम मोटारसायकलींचं. एप्रिल लागला की लडाखला निघणाऱ्यांची रीघ लागते आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: "मेस्त्री, गाडीला ओढ नाही. काढा की बोअर मोठा. पैशाचं बघू नका."

ही मागणी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. मागे घरची माणसं, दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा आणि समोर करूळ घाट असेल तर गाडीला ओढ लागतेच. लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीच्या परिसरात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. इंजिन हवेवर चालतं, त्यामुळे ताकदही त्याच प्रमाणात ढासळते.

बोअर वाढवून काय मिळतं, याचा पक्का हिशेब रॉयल एनफिल्डनेच करून दाखवला आहे. त्यांच्या ५०० सीसीच्या बुलेटचा बोअर ८४ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ९०. त्यातून ४९९ सीसी भरतात. पॉवर २७.२ बीएचपी आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ४१.३ न्यूटन-मीटर. २०१३ साली कॉन्टिनेन्टल जीटी आणताना स्ट्रोक तोच ठेवून त्यांनी बोअर ८७ केला. ५३५ सीसी झाले, पॉवर २९.१ आणि टॉर्क ४४. म्हणजे सिलिंडर सव्वासात टक्क्यांनी वाढला आणि टॉर्क साडेसहा टक्क्यांनी. इतका खर्च करून एवढंच, असं ऐकून पोरांचे चेहरे पडतात. पण हे खरं आहे आणि ते आधीच सांगायला हवं.

शिवाय ते काम सोपं नाही. बोअर ३ मिलिमीटरने वाढवला की लायनरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीचं, दीड मिलिमीटर लोखंड चहूबाजूंनी जातं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट केसाच्या जाडीइतकीसुद्धा नसते. ती कमी पडली तर गरम इंजिनात पिस्टन जाम होतो, जास्त झाली तर गाडी तेल पिते. होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून घासताना पाडायच्या बारीक, रेघा नीट पडल्या नाहीत तर नव्या रिंगा बसतच नाहीत. नवा पिस्टन जड असेल तर हँडलला थरथर येते. ओढ वाढली की क्लच, चेन आणि ब्रेकही त्या मापाचे लागतात. उतारावर भरलेली गाडी थांबवायचीही असते.

म्हणून मी आधी बाकीचं तपासतो. दोन वर्षांपूर्वी गडहिंग्लजकडचे एक शिक्षक आले होते. पत्नीला घेऊन कोकणात उतरले, परत येताना करूळ घाटात गाडी दुसऱ्या गिअरवरही रडत होती. मी म्हटलं, "सर, बोअरचं नंतर बघू, गाडी आठवडाभर ठेवा." एअर फिल्टर चोंदलेला, एक व्हॉल्व्ह बसत नव्हता, कॉम्प्रेशन गळत होतं. वर कुणीतरी वेग वाढावा म्हणून पुढचा स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, एका दाताने मोठा टाकलेला. त्या एका दाताने मागच्या चाकाची ओढ पाच टक्क्यांच्या आसपास घटते, म्हणजे बोअर वाढवून जे कमवायचं ते जवळपास तिथेच गमावलेलं. व्हॉल्व्ह घासले, फिल्टर बदलला, कंपनीच्या मापाचा स्प्रॉकेट चढवला. सर त्याच गाडीवर पुढे हंपीला जाऊन आले.

सायलेन्सर फोडून आवाज वाढवणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवतो. मोकळ्या नळीने खालच्या फेऱ्यांतला टॉर्क बहुतेक वेळा उलट कमी होतो आणि लांबच्या सफरीत गाडी चालते ती त्याच फेऱ्यांवर. शेजाऱ्यापाजाऱ्यांची झोप जाते ती वेगळीच.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. २०१५ साली मी एका गिऱ्हाइकाची ५०० ची बुलेट ८७ वर नेली. मापं घेऊन, दोन दिवस खपून केलेलं काम होतं. बिलावर मी स्पष्ट लिहिलं, ‘बोअर ८४ वरून ८७’. सहा वर्षांनी त्या गृहस्थांना एका टेम्पोने मागून ठोकलं. त्यांची काडीची चूक नव्हती. पण गाडीच्या कागदांत माझं बिल निघालं, आरसी बुकावरचे सीसी आणि इंजिनातले सीसी जुळेनात आणि विम्याचा दावा कित्येक महिने अडकला. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. मला मात्र आजही त्याची बोच आहे. मी खरं बिल दिलं म्हणून ते अडकले. बिलच न देणाऱ्याचं गिऱ्हाईक कदाचित सुटलं असतं.

कायदा मला मान्य आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलात बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हापासून मी झिजलेल्या सिलिंडरसाठी कंपनीच देते त्या किंचित मोठ्या, ओव्हरसाइझ पिस्टनपलीकडे जात नाही. पण माझ्याकडून नकार घेऊन गेलेली पोरं घरी बसत नाहीत. कुठल्याशा पत्र्याच्या शेडमध्ये बिलाशिवाय, बोअर मोजायचं गेज न लावता तेच काम करून घेतात आणि त्याच गाडीवर बायकोला बसवून घाट चढतात. काळजी वाटते ती याची.

सीएनजीला आपण वाट काढलीच ना? किट आधी पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून तपासून मंजूर होतं, अधिकृत माणूस ते बसवतो, आरटीओ बघतो आणि आरसी बुकावर नोंद होते. २०१९ च्याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये अशा बदलांसाठी अटी ठरवण्याची मुभा केंद्र सरकारला दिलेली आहे. मग पिस्टन, सिलिंडर, क्लच आणि ब्रेक असा पूर्ण संच धूर, आवाज, ताकद आणि थांबण्याचं अंतर तपासून मंजूर का होऊ नये? परिवहन खात्याने राज्याच्या वतीने हा प्रस्ताव दिल्लीला पाठवावा आणि आमच्या आमदार-खासदारांनी तो लावून धरावा, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत करतो.

तपासणीसाठी सिलिंडर घेऊन पुण्याला त्या वेताळ टेकडीवर यावं लागलं तरी मी येईन. मापांच्या वह्या २००३ पासूनच्या जपून ठेवल्या आहेत, त्याही आणीन.

आपला,
एक बोअरिंग कारागीर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
(गिऱ्हाइकांची ओळख पटू नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)