दोष रुग्णाच्याच माथी का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील अँटिबायोटिकच्या अतिवापरावरचा लेख वाचला. लेखात 2019 साली जगभरात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे गेलेल्या 12 लाख 70 हजार बळींचा आकडा आहे, तो बरोबरच आहे. पण "रुग्णच गोळ्यांसाठी डॉक्टरांच्या मागे लागतात, मनाने औषधे घेतात" हे पालुपद वाचून संताप आला. असे लोक आहेत, मी नाकारत नाही. आम्ही त्यातले नव्हतो.

माझी आई 74 वर्षांची. जुना मधुमेह, रोज सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी. गेल्या पावसाळ्यात तीन दिवस ताप आणि अंगदुखी होती म्हणून तिला घराजवळच्या दवाखान्यात नेले. संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "टायफॉइडचा अंश दिसतोय." हा "अंश" नवी मुंबईत घरोघरी निघतो! तापाच्या तिसऱ्या दिवशी केलेल्या एका विडाल चाचणीवरून (टायफॉइडसाठी करतात ती साधी रक्ततपासणी) टायफॉइड ठरत नाही, त्यासाठी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी, करावे लागते, हे मला फार उशिरा कळले. डॉक्टरांना ते ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

चिठ्ठीवर सात औषधे होती. लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, ताप, अॅसिडिटी आणि सर्दीच्या गोळ्या, खोकल्याचे सिरप, जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि पोट बिघडू नये म्हणून कॅप्सूल. आईला खोकला नव्हता. बिल 860 रुपये झाले. मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे, हे दवाखान्यात कोणी विचारले नाही आणि केमिस्टनेही नाही.

दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास ती काहीतरी पुटपुटतेय म्हणून मला जाग आली. गाऊन घामाने ओलाचिंब झाला होता, हात बर्फासारखे गार. मला ती माझ्या मावशीच्या नावाने हाक मारत होती. ग्लुकोमीटरवर साखरेचा 41 इतका कमी आकडा आला. घोट घेण्याइतकी शुद्ध होती म्हणून चमच्या-चमच्याने साखरेचे पाणी पाजत तिला रिक्षात घातले. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले: शुगरची गोळी कोणती आणि नवीन काय सुरू केले? उत्तर ऐकताच त्यांनी लिव्होफ्लॉक्सासिन बंद केले. तापामुळे तिचे खाणेही कमी झाले होते, हे खरे. पण ग्लिमेपिराइड घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची साखर या औषधाने धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, हे काही नवीन नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2018 मध्येच हा इशारा आणखी ठळक छापायला लावला होता. दोन दिवस आई सलाइनवर होती. बिल साडेअठरा हजार. कल्चरमध्ये काही निघाले नाही. ताप आपोआपच उतरला.

आता सांगा, यात आम्ही कुठे चुकलो? एक गोळी मनाने घेतली नाही, एक चुकवली नाही.

लिव्होफ्लॉक्सासिन 'शेड्यूल एच-1'मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या आणि विक्रीची नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. 1 मार्च 2014 पासून अशी औषधे विकताना केमिस्टने रुग्णाचे, डॉक्टरांचे नाव आणि औषध किती दिले, हे वेगळ्या वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची, असा नियम आहे. आईचे नाव आम्हाला कोणी विचारलेच नव्हते. मी नंतर त्या दुकानात जाऊन वही दाखवा म्हटले, तर "मालक आल्यावर या" असे उत्तर मिळाले. तीनदा गेले. हेच औषध नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या उपचारात हाताशी लागते आणि साध्या खोकल्यासाठी दिले तर टीबीची लक्षणे काही दिवस झाकून टाकते. अशा टीबीचे रुग्ण मोठ्या संख्येने असलेल्या मुंबईच्या इतक्या जवळ राहून हे आपल्याला परवडणार आहे का?

याच नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये मुलांना टायफॉइडची नवी लस मोफत टोचली. सरकारी पातळीवरची अशी मोहीम जगात पहिली होती. नवी मुंबईकर म्हणून मला त्याचा अभिमान आहे. मग महापालिकेच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात रक्ताचे कल्चर स्वस्तात घेण्याची सोय का होऊ नये? आणि अन्न व औषध प्रशासनाने एच-1च्या वह्या अचानक जाऊन तपासाव्यात. तुमच्या वार्ताहरानेही त्या वेळी सोबत जावे.

जाता जाता आणखी एक. पाच गोळ्या हव्या असल्या की केमिस्ट कात्रीने पट्टी कापून देतात आणि नाव, मुदत व लाल रेघ (चिठ्ठीशिवाय घेऊ नये याची खूण) असलेला भाग त्यांच्याच खोक्यात राहतो. आईच्या त्या रात्री रुग्णालयात मी पर्समधून असाच एक तुकडा काढून दाखवला, त्यावर नुसते "...सिन 500" उरले होते. सुदैवाने चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये होता.

आपली,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई