साबणरावांस

सोलापूर,
रविवार

प्रिय दत्ता,

पाच महिने उत्तर नाही, शिव्या दे. फोन केला असता, पण तू मध्येच हसतोस. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो.

परवा टॉवेलच्या गोदामाला आग लागल्याची वर्दी आली. रात्री दोनला गेलो, सकाळी दहापर्यंत कूलिंग. सूत भिजलं तरी आत धुमसतं, तुला काय सांगायचं! सिमेंटचे जुने पत्रे फुटून पडलेले, त्यांच्याखालून गाठोडी उपसायची. ज्वाळा गेल्या की पोरांनी मास्क काढले, रुमाल बांधले, त्याच काळ्या हातांनी तंबाखू मळली. आपल्याकडूनच शिकलीत. मी गप्प बसलो.

मग गेटवर नव्या विठ्ठलची पोरगी धावत आली आणि थेट त्याच्या कोटात तोंड खुपसलं. मी असा ओरडलो की पोर रडायलाच लागली. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला झोप कमी पडली. आमची सुमी माझा शर्ट उशाशी घेऊन झोपायची, धुराचा वास आवडतो म्हणून. आठवतं ना?

अण्णाला मूत्राशयाचा कर्करोग निघालाय. लघवीतून रक्त जात होतं, हा दोन महिने उन्हाळी लागलीय म्हणत धन्याचं पाणी पीत राहिला. विड्याही होत्याच, त्यामुळे कशाने झाला ते डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ साली आपलं आग विझवण्याचं कामच कर्करोगकारक ठरवलंय. २००७ मध्ये नुसती शक्यता म्हणत होते, आता तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या पंगतीला बसवलंय. मूत्राशय आणि फुप्फुसाचं आवरण, या दोन्हींचा पुरावा पक्का. काजळी कातडीतूनही मुरते म्हणे, मानेतून, जांघेतून.

आणि तू प्रत्येक वर्दीनंतर कोट पाइपखाली धरायचास! मी तुला साबणराव म्हणायचो, गड्ड्याच्या जत्रेच्या बंदोबस्तात तुझ्या लॉकरला साबणाची वडी टांगली होती. काळा कोट म्हणजे जुना जवान, हे माझंच पालुपद. (हात मात्र तूच आधी उचललास, ते मी सोडणार नाही.) अमेरिकेतल्या एका चाचणीत साबण-पाण्याने कोटावरची घाण सुमारे ८५ टक्के उतरली, कोरड्या ब्रशने जेमतेम २३.

आता जागेवरच धुतो, मास्क न काढता. मान-हात ओल्या फडक्याने पुसायचे, कोट पिशवीत बांधायचा, गाडीच्या केबिनमध्ये न्यायचा नाही. कूलिंगलाही बीए सेट, म्हणजे पाठीवरची हवेची टाकी आणि मास्क. पोरं कुरकुरतात, पण ऐकतात. घोडं अडतं ते एका कोटापाशी. धुतला आणि तासाभरात दुसरी वर्दी आली तर? ओल्या कोटात वाफेने भाजतं. दुसऱ्या जोडासाठी तीनदा अर्ज दिला, तिसऱ्यांदा साहेबांनी चहा पाजला.

सुनेचं सगळं नीट झालं ना? नाव काय ठेवलं? तुमच्या सोसायटीत पाणी येतं का रोज? शेंगाचटणी पाठवतोय, अण्णाने तुझी चौकशी केली, एकदा येऊन जा.

आणि लगेच कळव, कोट उलटा करून वाळवायचास की सुलटा? पोरं विचारतात आणि मी कधी नीट बघितलंच नाही.

तुझा,
बाळ्या